चालती गाडी मधेच बंद पडते? पार्ट बदलण्याआधी काटा बघा

माझं गॅरेज वडगाव बुद्रुकला, सिंहगड रोडच्या आतल्या अंगाला. औंधच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर कार्बोरेटरच्या गाड्या होत्या. आता हाताखालची पोरं लॅपटॉप उघडल्याशिवाय बॉनेट उघडत नाहीत. एवढं सगळं बदललं, पण एक तक्रार तशीच आहे. "चालता चालता मधेच बंद पडते. थोडं थांबलं की चालू होते. तुमच्याकडे आणली की काही होत नाही." आणि तक्रारीच्या पाठोपाठ निदानही तयार असतं. मेव्हण्याने सांगितलंय पंप गेलाय, किंवा ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय. मग मी विचारतो, ते राहू द्या, बंद पडली ती कशी पडली? इथे बहुतेक जण गप्प होतात.

या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल तर अर्धं काम तिथेच झालं. ते फक्त तुम्हालाच देता येतं, कारण त्या वेळी स्टिअरिंगवर तुम्ही होता, मी नव्हतो. म्हणून हा सगळा खटाटोप. हे वाचून तुम्ही मिस्त्री होणार नाही. पण कुठल्याही मिस्त्रीकडे गेलात तरी तो अंदाजाने पार्ट बदलत बसणार नाही, एवढी माहिती तुमच्या हातात असेल.

आधी जीव, मग गाडी

इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, वळत मात्र राहतं. जोर लावा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाची ताकद वाढवणाऱ्या डब्यात, व्हॅक्यूम शिल्लक असतो, तो एकदोन दाबांपुरताच. त्यामुळे घाबरून ब्रेक पंप करू नका. पाय ठेवायचा आणि एकसलग दाबत गाडी थांबवायची. व्हॅक्यूम संपला तरी ब्रेक लागतात, फक्त पायाला फार ताकद लागते. किल्ली मागे फिरवून काढू तर अजिबात नका, स्टिअरिंग लॉक होईल. चारी इंडिकेटर लावा, आरसा बघा, डावीकडे या. वेग असेल तोवर कडेला पोचून घ्यायचं.

रस्ता मोकळा असेल आणि गाडी पळत असेल, तर क्लच दाबून किल्लीने एकदा सेल्फ मारून बघा. ऑटोमॅटिक असेल तर आधी न्यूट्रल. एकदाच. नाही झाली तर नाद सोडा आणि बाजूला घ्या. एक्सप्रेसवेवर किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर बंद पडली, तर गाडीत बसून फोन लावत बसू नका. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं, कठड्यापलीकडे उभं राहायचं, त्रिकोण बराच मागे ठेवायचा आणि ११२ लावायचा. त्या उतारावर मागून येणाऱ्या ट्रेलरचे ब्रेक शाबूत असतील, असं मी तरी धरून चालत नाही.

त्याच उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारणारे भरपूर लोक आहेत. आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीला गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर आपोआप बंद होतात, म्हणजे गिअरमध्ये उतरलात तर पेट्रोल जवळपास शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडलेल्या सावकाश चालीवर, चालत राहतं, पेट्रोल पितं, आणि आयडलचा दोष असलेली गाडी नेमकी तिथेच बंद पडते. म्हणजे बचतही नाही आणि स्टिअरिंगही जड.

काटा कसा पडला?

बंद पडताना मीटरकडे एक नजर टाकायची सवय लावा. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा काय करतो ते बघायचं. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये आहे आणि क्लचवर पाय नाही, अशा वेळी इंजिन मेलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. म्हणजे काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरायला हवा. तसा उतरला, मधे गाडीने गचके दिले, पिकअप गेला आणि मग ती मेली, तर इंजिनाला पेट्रोल पोचत नाहीये असा पहिला संशय घ्यायचा.

काटा एका क्षणात शून्यावर आपटला आणि गाडी मात्र अजून पळतेय, तर गोष्ट वेगळी. इंजिन फिरतंय, पण ईसीएमला ते फिरतंय हे कळत नाहीये. एक तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा सेन्सर) सिग्नल तुटला, नाहीतर ईसीएमचाच करंट तुटला. असली गाडी गचके देत नाही, कुणी बटण दाबून बंद करावी तशी बंद होते. क्लच दाबलेला असेल किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल तर मात्र काटा तसाही लगेच पडतो, तेव्हा या खुणेवर विसंबू नका.

तिसरा प्रकार म्हणजे काट्याबरोबर सगळा मीटरच अंधारला, गाणी बंद, घड्याळ पुन्हा बारावर. तिथे सेन्सर आणि पंप विसरा. बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, अर्थिंग आणि किल्लीचा स्विच एवढंच बघायचं.

थांबल्यावर किल्ली एक खटका पुढे करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर ईसीएमला करंट जात नाही, म्हणजे मेन रिले (करंट जोडणारा आपोआप चालणारा स्विच), फ्यूज किंवा इग्निशन स्विच. किल्लीच्या चित्राचा दिवा पटापट उघडझाप करत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाहीये. दुसरी किल्ली घरी असेल तर ती वापरून बघा. आणि त्याच वेळी काचा बंद करून मागच्या सीटकडे कान द्या. पेट्रोल गाडीत दोनतीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, तो टाकीतला पंप. हा आवाज तुमच्या गाडीत एरवी कसा येतो ते आजच ऐकून ठेवा. बंद पडल्यावर पहिल्यांदा ऐकायला गेलात तर काय ऐकायचं तेच कळणार नाही.

किल्लीवरून आठवलं. घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्या आणि वर पितळी गणपती असा जुडगा इग्निशनला लोंबकळत असतो. जुन्या स्विचमध्ये त्या वजनाने खड्ड्यात किल्ली थोडी मागे सरकते आणि इंजिन बंद. गंमत वाटेल, पण अमेरिकेत जनरल मोटर्सला २०१४ साली अशाच स्विचपायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. किल्ली मागे सरकली की एअरबॅगही उघडत नव्हत्या आणि त्यात माणसं गेली. जुडगा काढा आणि आठवडाभर एकटी किल्ली वापरून बघा. याला खर्च शून्य.

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू

सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार ही. गावात बरोबर चालते, खंबाटकी चढताना किंवा दिवे घाटात बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. यात आरोपी तीन: क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) आणि फ्युएल पंप. तिघंही तापल्यावर दगा देतात आणि गार झाले की शहाणे होतात.

धनकवडीचे एक निवृत्त काका अशीच गाडी घेऊन आले होते. गाव वाईकडे, त्यामुळे दर खेपेला खंबाटकी. आधी एका गॅरेजात पंप आणि चारी प्लग बदलून झाले होते, बिलं फाइलला लावलेली. काका बँकेत होते, त्यांनी डायरीत लिहून आणलं होतं: "चढावर तिसऱ्या गिअरमध्ये असताना काटा एकदम शून्य. गचका नाही. पंचवीस मिनिटांनी चालू." मला असे गिऱ्हाईक रोज मिळाले तर स्कॅनर विकून टाकीन. काटा एकदम शून्य म्हटल्यावर पंपाला मी तिथेच निर्दोष सोडला.

गॅरेजात उभी करून ती कधीच बंद पडली नसती, म्हणून आम्ही जुन्या कात्रज घाटात गेलो. स्कॅनर लावलेला, एसी चालू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम रडवत. वर बोगद्याच्या अलीकडे पडली. काटा धाडकन खाली. बाजूला घेतली, सेल्फ मारला. इंजिन खणखणीत फिरतंय आणि स्कॅनरच्या पडद्यावर आरपीएम शून्य. सेल्फवर फिरताना तिथे दोनअडीचशेचा आकडा दिसायला हवा. आमचा पोरगा खाली वाकला. या गाडीत सेन्सर गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, हात पोचेल असा. बाटलीतल्या पाण्याने फडकं ओलं करून त्याने ते सेन्सरभोवती धरलं, वाळलं की पुन्हा ओलं. चारपाच मिनिटांत पुन्हा सेल्फ मारला, पडद्यावर २४० आले आणि गाडी चालू. सेन्सर बदलला, परत त्याच घाटात रडवली, नाही पडली.

हा प्रयोग करायचा तर फडक्यानेच करा. तापलेल्या सायलेन्सरवर, टर्बोवर किंवा कॉइलवर बाटली ओतू नका, तडे जातील. आणि सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर काढून बघा. पिनांवर ऑइल, हिरवट बुरशी किंवा सैल झालेली पिन असेल तर नवा सेन्सरही चार दिवसांत तेच करेल. मल्टिमीटरने ओहम मोजून सेन्सर बरा-वाईट ठरवणारेही भेटतात. दोन पिनांच्या कॉइलवाल्या सेन्सरला ते थोडंफार चालतं. तीन पिनांच्या हॉल सेन्सरला ओहम मोजण्यात काही अर्थ नाही.

कॉइल तापून गेली तर बहुधा आधी एकच सिलिंडर मिसिंग मारतो, म्हणजे मधेमधे पेटत नाही, गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. करंट येतो का बघायला प्लगची वायर काढून बॉडीला टेकवायची जुनी पद्धत आता सोडा. त्यात कॉइल आणि ईसीएम दोन्ही जाऊ शकतात. स्पार्क टेस्टर स्वस्तात मिळतो.

पेट्रोल पोचत नसेल तर

सपाटीला बरी, चढावर किंवा ओव्हरटेकला जीव सोडते, पाय थोडा काढला की सावरते. ही भुकेची लक्षणं. बोपदेव घाटात कोंढव्याकडून चढताना दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की ती लगेच कळतात. फिल्टर चोंदलेला, पंप थकलेला, किंवा टाकीत कचरा. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत रेलचं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीचं, प्रेशर साधारण तीन ते चार बार हवं. गेज लावून चालत्या गाडीत बघितल्याशिवाय पंपावर एक रुपया घालू नका. उभ्या गाडीत प्रेशर बरोबर आणि चढावर अर्धं, असंही होतं.

पंपाचा आवाज किल्ली फिरवल्यावर येतच नसेल, तर टाकीच्या बुडाला मुठीने दोन ठोसे द्या. चालू झाला तर पंपाच्या मोटरचे ब्रश संपलेत, घरी पोचा आणि बदला. ठोशाने काही झालं नाही तर फ्यूजबॉक्समध्ये पंपाचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा लावून बघा. दोन्हींवरचा नंबर तोच असला पाहिजे. पंपाच्या कनेक्टरवर बारा व्होल्ट येतायत, अर्थिंग चांगलं आहे आणि तरी पंप गप्प, तर पंप गेला. व्होल्टच येत नसतील तर पंपाचा काय दोष? आणखी एक खुबी लक्षात ठेवा. इंजिन फिरतंय असा सिग्नल नसेल तर ईसीएम स्वतःच पंप बंद ठेवतो, आग लागू नये म्हणून. किल्ली फिरवल्यावर दोन सेकंद आवाज येतो पण सेल्फ मारताना येत नाही, अशी गाडी पुन्हा क्रँक सेन्सरकडे बोट दाखवते. काकांचा पंप असाच बळी गेला.

पंप लवकर का जातो? टाकीतलं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. कायम रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचा पंप आधी जातो. काही वेळा मात्र तुमची चूक नसते, माल मुळातच सदोष असतो. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनोच्या सव्वा लाखाहून जास्त गाड्या फ्युएल पंप तपासायला परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीवर असा काही रिकॉल आहे का, ते कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून आधी बघा. असेल तर काम फुकट होतं, माझ्याकडे कशाला येता?

टाकी फुल करून निघालो की शंभर-दोनशे मीटरवर बंद पडते, असं सांगत लोक पंपवाल्याशी भांडायला तयार असतात. पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. पण पंप कुठलाही असो, दर वेळी भरल्यावरच बंद पडत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते बघा. नळी खटकन थांबल्यावर "अजून पन्नासचं टाक" करत काठोकाठ भरायची सवय या व्हॉल्व्हला भोवते.

सिग्नलला आली की बंद

वेगात उत्तम, पण अलका चौकात थांबायला क्लच दाबला की काटा ८०० च्या खाली डुबकी मारतो आणि बंद. एसी लावला की जास्त. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हमखास. हे बहुधा हवेचं दुखणं असतं. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती काळा चिकट थर जमतो आणि आयडलला लागणारी थोडीशी हवाही मिळत नाही. साफ करायला स्प्रे फडक्यावर मारून फडक्याने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली चालू असताना झडप बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर आयडल शिकवायची प्रत्येक गाडीची वेगळी रीत असते. ती न करता दिलीत तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट वागेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, बिघडवून दिली.

ब्रेक दाबला की इंजिन लडबडतं, सोडला की ठीक? मग ब्रेक बूस्टरचा पडदा किंवा त्याची नळी हवा खातेय. हे पुढे ढकलू नका, त्यात ब्रेकचाही प्रश्न आहे. बाकी व्हॅक्यूमच्या नळ्या सुकून तडकतात. इंजिन चालू ठेवून कान लावला तर सुस्कारा ऐकू येतो. ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला तरी हीच लक्षणं येतात.

सीएनजीवाल्यांसाठी

पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सीएनजी भरपूर, आणि त्यांच्याकडे एक फुकटची चाचणी असते. बंद पडायला लागली की स्विच मारून पेट्रोलवर न्या. पेट्रोलवर ठणठणीत चालत असेल तर क्रँक सेन्सर, किल्ली, अर्थिंग हे सगळे सुटले. दोष गॅसच्या बाजूला: फिल्टर, रेग्युलेटर (गॅसचं प्रेशर कमी करणारा), गॅसचे इंजेक्टर, किंवा नुसती संपत आलेली टाकी. दोन्हीवर बंद पडत असेल तर गॅसवाल्याकडे रांग लावू नका. फक्त गॅसवर आणि तेही चढावर मिसिंग मारत असेल तर आधी प्लग बघा. गॅसला ठिणगी जोरकस लागते, झिजलेला प्लग पेट्रोलवर खपून जातो आणि गॅसवर उघडा पडतो.

सकाळी पेट्रोलवर चालू होते आणि गॅसवर जाताना बंद पडते, ही तक्रार थंडीत वाढते. रेग्युलेटर इंजिनच्या गरम पाण्यावर तापतो. कूलंट कमी असेल तर तो गारच राहतो. म्हणून आधी कूलंटची पातळी बघा. आणि "पेट्रोल भरतच नाही" असं अभिमानाने सांगू नका. महिनोन्महिने शिळं झालेलं तळातलं दोन लिटर पेट्रोल पंपाला मारतं. दहा लिटर ठेवा आणि आठवड्यातून थोडी पेट्रोलवर चालवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तेही राहिलं असेल तर उरकून घ्या.

डिझेल थोडक्यात सांगतो, कारण घरी करण्यासारखं त्यात कमी आहे. फिल्टरमधलं पाणी काढा. हातपंप असेल तर दाबून बघा, मऊ पडत असेल तर कुठूनतरी हवा घेतेय. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर खात्री. त्यापुढे रेल प्रेशर स्कॅनरवर बघावं लागतं. कॉमन रेलच्या नळ्यांचे नट इंजिन चालू असताना ढिले करू नका, त्या प्रेशरने डिझेल कातडीच्या आत शिरतं.

करंट, अर्थिंग आणि उंदीर

तपकीर गल्लीतून एक साधा मल्टिमीटर आणून ठेवा. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत, चालू असताना १३.८ ते १४.५. चालू गाडीत दिवे, एसी, वायपर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा आणि पुन्हा बघा. तेरापेक्षा खाली घसरत गेलं तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट. रात्री पावसात दिवे मंदावत गेले, ब्लोअर सुस्तावला आणि मग इंजिन मेलं, ही त्याचीच गोष्ट.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही. इंजिनपासून बॉडीला जाणारी जाड वायर बॅटरीच्या ट्रेखाली बोल्टला लागलेली असते. वरून छान दिसते, बोल्ट काढला की रिंगखाली हिरवी-पांढरी पूड. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर वायर साफ करा. पॉलिश पेपर आणि थोडं ग्रीस एवढंच लागतं.

उंदरांचा विषय सोसायटीच्या पार्किंगवाल्यांना सांगायला नको. बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवणारे निम्मे पुणेकर आहेत. पुडी असो वा नसो, वायर कुरतडलेली सापडते. अर्धवट कुरतडलेली वायर रोज चालते आणि एखाद्या खड्ड्यात तुटते. इंजिन आयडलवर ठेवून वायरिंग जागोजागी हाताने हलवत जा, पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब. जिथे हलवल्यावर इंजिन अडखळलं तिथे थांबा.

पाण्यात बंद पडली तर

इथे मी वर सांगितलेलं सगळं विसरा. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत शिरलं, त्यानंतर आमच्या भागात टोचन लावून आलेल्या गाड्यांत निम्मं नुकसान पुराने आणि निम्मं "चालू होते का बघू" यानेच झालं होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टोचन लावा, एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर आधी प्लग काढून पाणी बाहेर. विम्यात इंजिनचं वेगळं कव्हर नसेल तर हा खर्च सहसा मिळत नाही. नुसत्या पावसाच्या शिंतोड्याने पडत असेल तर प्लगच्या वायरी आणि कॉइलची रबरं तडकलीत का बघा.

स्कॅनर कुठे कामाचा

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलवर अॅप, एवढ्यात कोड वाचता येतात. पी ०३३५ क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३४० कॅम सेन्सरचं, पी ०३०० मिसिंग, पी ०१७१ हवा जास्त पेट्रोल कमी, पी ०५६२ व्होल्टेज कमी, पी ००८७ रेल प्रेशर कमी. कोड तक्रार नोंदवतो, गुन्हेगार सांगत नाही. पी ०१७१ बघून ऑक्सिजन सेन्सर बदललेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि फाटलेली नळी तशीच असते.

कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते: त्या क्षणी वेग किती, इंजिनचं तापमान किती, आरपीएम किती. तिचा फोटो काढून ठेवा. कोड पुसायच्या किंवा बॅटरी काढायच्या आधी. अनेक जण गाडी बंद पडली की आधी बॅटरीची वायर काढून लावतात, गाडी चालू होते, आणि माझ्याकडे येईस्तोवर सगळा पुरावा धुतलेला असतो.

मिस्त्रीकडे जाताना वहीचं एक पान घेऊन जा: किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली, टाकीत किती पेट्रोल होतं, चढ की सपाट, एसी, पाऊस, पाय कशावर होता, काटा कसा पडला, मीटरवर कुठले दिवे, किती वेळाने चालू झाली. जमलं तर डॅशबोर्डवर मोबाइल लावून, शेजारच्या माणसाकडून, व्हिडिओ. आणि पार्ट बदलल्यावर पैसे देण्याआधी त्याच रस्त्याने, तेवढीच तापवून, त्याच गिअरमध्ये एक चक्कर मारा, मिस्त्रीला शेजारी बसवून.

जुना पार्ट मागून घ्या. त्यावरचा नंबर नाना पेठेत दाखवला तर काउंटरवरचा माणूस दोन मिनिटांत सांगेल की नवीन बसवलेला त्याच नंबरचा आहे की लोकल. क्रँक सेन्सर आणि पंप या दोन गोष्टींत लोकल मालाचे वाचलेले पैसे पुढच्या टोचनलाच जातात. प्लग, रिले, नळ्या यात नावाजलेल्या कंपनीचा बाहेरचा माल घेतलात तरी चालतो.